उणे तीन पुस्तकं

माझ्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या उणे तीन प्रती शिल्लक होत्या. एकही वाचक अजून फिरकला नव्हता, आणि वाचनालय आधीच साऱ्या जगाचं देणं लागत होतं.

वाचनालय खरं नव्हतं, म्हणून निभावलं. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना आम्हाला दिलेला तो प्रोग्राम होता. पुस्तक द्या, परत घ्या, यादी छापा, एवढंच काम. मी प्रोग्रामच्या माथ्यावरच तीन ग्लोबल ॲरे, म्हणजे साऱ्या प्रोग्रामला खुल्या असलेल्या खणांच्या रांगा, मांडले होते: एकात नावं, दुसऱ्यात लेखक, तिसऱ्यात प्रती. खाली चौदा फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे. चौदाही फंक्शन्सना तिन्ही ॲरेंवर हात मारायची मुभा. मुकी बिचारी कुणीही हाका! (शहाणी माणसं फंक्शनला हवी तेवढीच माहिती पॅरामीटर म्हणून देतात. हे शहाणपण मला आठव्या फंक्शननंतर आलं, आणि तोवर मागे फिरणं जिवावर आलं होतं.)

पहिला दणका नावं अकारविल्हे लावली तेव्हा बसला. नावं शहाण्यासारखी ओळीत उभी राहिली. लेखक आणि प्रती मात्र जागच्या हलल्या नाहीत, कारण त्यांना हलवायचं मी विसरलो होतो. व्याकरणाचं पुस्तक एका भुताखेतांच्या कथाकाराच्या नावावर गेलं. सीमध्ये हे तिन्ही एकत्र बांधायला स्ट्रक्चर आहे, पण ते नवव्या प्रकरणात होतं आणि मी सातव्यात.

ते कसंबसं निस्तरलं, तर उणे तीन उपटलं. कुठल्या फंक्शनने प्रती कमी केल्या? चौदा संशयित, आणि चौदांनाही किल्ली दिलेली. 'पुस्तक द्या' तपासलं, निर्दोष. 'परत घ्या' तपासलं, तेही निर्दोष. दर खेपेला खात्री करायला मी मेनूतून यादी छापून बघत होतो. आकडा उणे चार झाला. मग उणे पाच. मध्यरात्री उणे अकरा. ताप बघायला थर्मामीटर लावावा आणि दर वेळी तापच एका अंशाने चढावा, तसं चाललं होतं.

शेवटी एका मैत्रिणीला दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "अरे, यादी छापणारं फंक्शन बघ ना!"

यादीत जितक्या प्रती तितक्या चांदण्या छापायची हौस मला होती. त्यासाठी मी प्रतींचा आकडाच एकेकाने कमी करत, शून्याच्या वर असेपर्यंत चांदण्या छापत होतो. शून्याची तपासणी झाली की तो आकडा आणखी एकाने कमी व्हायचा. म्हणजे पहिल्या छपाईत वाचनालय धुऊन निघालं, उणे एक. पुढच्या प्रत्येक छपाईत आणखी एक उणं. चोर शोधायला ज्याला पाठवत होतो, तोच चोऱ्या करत होता.

मग ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायला घेतलं, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकाच वस्तूत बांधायची पद्धत. सुरुवात धडकी भरवणारी. जावा या भाषेत एक ओळ पडद्यावर आणायची तर आधी क्लास (वस्तूचा साचा) लिहा, मग 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' म्हणा. हे काय, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "सध्या पाठ करा, पुढे कळेल." १९९५ साली आलेल्या जावाने ही अट २०२५च्या पंचविसाव्या आवृत्तीत सैल केली. माझं पाठांतर तोवर पक्कं झालं होतं.

पण वाचनालय पुन्हा लिहिलं तेव्हा गंमत कळली. 'पुस्तक' नावाचा क्लास. नाव, लेखक, प्रती त्याच्याच पोटात. अकारविल्हे लावलं की अख्खं पुस्तक उचलून जायचं, लेखकासकट. प्रती 'प्रायव्हेट' केल्या. आकडा बदलायचा तर 'द्या' आणि 'परत घ्या' या दोनच दारांतून. आणि चांदण्यांचं फंक्शन जुन्या सवयीने प्रतींना हात लावायला गेलं, तेव्हा कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याने, ओळ क्रमांकासकट त्याचा हात धरला. प्रोग्राम चालूच दिला नाही! मला गहिवरून आलं. जी चूक शोधायला मी रात्र घालवली होती, ती इथे करूच देत नव्हते.

यातलं बरंचसं नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६७च्या सिम्युला या भाषेत मांडून ठेवलं होतं, म्हणजे सीच्याही आधी. क्लास, त्यातून घडणारे ऑब्जेक्ट, वारसा (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं), सगळं त्यात होतं. त्यांना खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकात उतरवायची होती, त्यामुळे वस्तू आणि तिचं वागणं एकत्र ठेवणं त्यांना सुचलं असावं. नवशिक्या तरी कुठे वेगळा विचार करतो? त्याच्या डोक्यात पुस्तक असतं. तीन ॲरेंमधला सतरावा खण नसतो.

वारशाचं मात्र मला व्यसन लागलं. पुस्तक छापील वस्तूपासून, छापील वस्तू साठवणीच्या वस्तूपासून, ती नुसत्या 'वस्तू'पासून. 'वस्तू'ला काहीच करता येत नव्हतं, पण घराण्यात वडीलधारं कुणी हवं म्हणून ठेवली. मैत्रिणीने ती दोन मिनिटांत पुसली. प्रोग्रामला पत्ताही लागला नाही.

परवा एका पुस्तकाच्या बारापैकी चौदा प्रती शिल्लक दिसल्या. या वेळी संशयित दोनच होते. 'परत घ्या'त पाहिलं, तर एकच प्रत कितीही वेळा परत घ्यायला ते तयार होतं. चार मिनिटांत दुरुस्त केलं, आणि मग उगाचच सात वेळा यादी छापली.