‘26 लाख बोगस बहिणी’ : त्या फॉरवर्डला उत्तर

धनकवडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘लाडकी बहीण योजनेत 26 लाख बोगस निघाल्या. गरीब म्हणवणारेच सरकारला लुटतात. सगळ्यांचे आधार आणि अंगठे तपासा, चोरी एका दिवसात थांबेल. नाहीतर या योजनाच बंद करा, पैसा आपल्या टॅक्सचा आहे.’

गैरप्रकार झाला, हे मलाही मान्य आहे. पण तो कुठल्या दारानं आत शिरला, याचा पत्ता मेसेजवाल्याला नाही.

‘26 लाख बोगस.’ आकडा खरा, शब्द खोटा. जुलै 2025 मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी 26.34 लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं सांगितलं. त्यात काहीजणी आधीच दुसऱ्या योजनेचे पैसे घेत होत्या, काही घरांतून दोनपेक्षा जास्त अर्ज आले होते, काही ठिकाणी चक्क पुरुष होते. एका घरातली तिसरी बाई निकषात बसत नाही म्हणून ती बोगस होत नाही. बाई खरी, नाव खरं, खातंही खरं. पुरुषांचं प्रकरण निराळं. असे 14,298 जण निघाले आणि सुमारे 21.44 कोटी रुपये त्यांच्या खात्यांत गेले. ते वसूल व्हायलाच हवेत.

पण यांना आत घेतलं कोणी? 2024 च्या जुलैत अर्ज सुरू झाले. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, हमीपत्रावर सही पुरे. अंगणवाडी सेविकांना फॉर्ममागे 50 रुपये. मुदत वाढतच गेली. 17 ऑगस्टला आपल्याच बालेवाडीत पैसेवाटपाचा सोहळा झाला आणि 20 नोव्हेंबरच्या मतदानापूर्वी पाच हप्ते जमाही झाले. चाळणी लागली ती निवडणूक आटोपल्यावर. कोणाकडे चारचाकी आहे हे आरटीओला ठाऊक, निराधार योजनेची यादी तहसीलदारांकडे. सगळं सरकारच्याच कपाटात होतं, कपाट उघडायची घाई तेवढी कोणाला नव्हती.

‘अंगठे तपासा.’ आधार सांगतं की ही बाई तीच आहे. तिच्या नवऱ्याकडे मोटार आहे का, हे अंगठा सांगत नाही. आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यांतच जात होते, तरीही वरचे पुरुष सुटले.

अंगठ्यात अडकतं कोण, ते मी पाहिलंय. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या आईला घेऊन मी एका सेवा केंद्रात गेले होते. काकू सत्तरीच्या पुढच्या, सगळी कागदं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. चाळीस वर्षं राखेनं आणि साबणानं भांडी घासलेली बोटं, मशीन घेईना. मुलगा म्हणाला, ‘आजी, कपाळावर घासा बोट.’ घासलं. पदराला पुसलं. दुसरा हात लावला. सातव्या वेळी हिरवा दिवा लागला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली.

‘गरीबच लबाड.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. विधवा आणि निराधारांना पेन्शन देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. म्हणजे महिन्याला 1,750, दिवसाला अठ्ठावन्नही नाहीत. पुण्यात दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यात बसत नाही. विधवा आहे, घरात कमावतं कोणी नाही, भाडं थकलंय, पण खरं उत्पन्न सांगितलं की अर्ज फेटाळला. मग दाखल्यावर 20,000 लिहून घेतात. लिहिणाऱ्याला माहीत, सही करणाऱ्याला माहीत, मंजूर करणाऱ्यालाही माहीत. काकूंच्या शेजारणीकडून या ‘20,000’ साठी एजंटानं 500 घेतले होते. खोटं बोलल्याशिवाय महिन्याचे 1,500 रुपये मिळणार नाहीत अशी अट घालायची आणि नंतर खोटं पकडलं म्हणून मिरवायचं! त्यात ज्याला खरोखर फसवायचंय त्याचं फावतं, कारण खोटा दाखला ही तिथली नेहमीचीच चाल झालेली असते.

मोठी रक्कम खाणारे तर या रांगेत उभेच राहत नाहीत. मातंग समाजासाठीच्या सरकारी अण्णाभाऊ साठे महामंडळात शेकडो कोटींच्या अपहाराचा आरोप झाला तेव्हा 2015 मध्ये अटक झाली ती माजी अध्यक्षाला, आणि ते त्या वेळी आमदार होते.

‘बंद करा.’ याला फार शाई खर्चत नाही. टॅक्सचं म्हणाल तर काकूंनी साबणाच्या वडीवर भरलेला जीएसटीही त्यातच आहे.

देखरेख हवी असेल तर ती स्वस्तात होते. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यानं ग्रामसभेत सामाजिक लेखापरीक्षण आणलं: कामं आणि खर्च गावासमोर तपासायचा, ज्याला शंका असेल त्यानं उठून विचारायचं. आमच्या प्रभागात पेन्शनची किंवा लाडकी बहीणची यादी भिंतीवर लागलेली मी आजवर पाहिली नाही. लागली तर सोसायटीतले आम्ही सगळे जाऊन वाचू. आमच्याच इमारतीतली दोन नावं त्यात सापडतील असा मला संशय आहे. एकीची गाडी माझ्या खिडकीखालीच उभी असते, आणि मेसेजला पहिला अंगठा तिच्याच घरून आला होता.