एमडी चांगला होता, पण कशावरून?

नेरूळच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला पंधरवडा एकच वाद चाललाय: नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचा कुठला एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, सगळ्यात कामाचा? एक जण विमानतळाचं नाव काढतो, दुसरा सोडतीतल्या घरांच्या किमती काढतो, तिसरा म्हणतो, अमुक साहेब फोन उचलायचे. टोरांटोत बसून मी हे सगळं वाचते आणि कळकळीने वाटतं की मोजपट्टी आधी ठरवा, मग नावं घ्या.

सिडकोची बेलापूर ते पेंधर मेट्रोच बघा. 11 किलोमीटर, 11 स्थानकं. काम 2011 मध्ये सुरू झालं, गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. एवढ्या काळात एमडीच्या खुर्चीत निदान पाच जण बसले आणि उठले. उशिराचा दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, आणि श्रेय फक्त शेवटच्यालाच का? कोणाला काय करून दाखवायला सांगितलं होतं हेच लोकांसमोर नाही, त्यामुळे उरतो फक्त स्वभाव. साहेब कडक होते, साहेब गोड बोलायचे.

2016 मध्ये नवी मुंबई महापालिकेत तेच झालं. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला. 104 मतं ठरावाच्या बाजूने, 6 विरोधात. सरकारने त्यांना तेव्हा ठेवलं, आणि मार्च 2017 मध्ये बदली केली. वर्षही पुरं झालं नव्हतं. आपल्याच राज्याचा 2005 चा बदल्यांचा कायदा एका पदावर साधारण तीन वर्षं म्हणतो. ते चांगले की वाईट यावर आजही वाशीत चहाच्या टपरीवर आवाज चढतात, पण कामाचा हिशेब मांडायला कोणाच्याच हातात कागद नाही.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कोणी समजू नये. टोरांटोची एग्लिंटन ही मेट्रोसारखी मार्गिकाही 2011 मध्येच खोदायला घेतली. 2020 ला सुरू व्हायची होती. डिसेंबर 2024 मध्ये ती बांधून घेणाऱ्या मेट्रोलिंक्स या सरकारी संस्थेचे प्रमुख पायउतार झाले, तेव्हाही तिच्यात प्रवासी बसलेला नव्हता. फरक आहे तो दुसरीकडे. ओंटारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, 1996 च्या कायद्याने एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त पगार असलेल्या प्रत्येक सरकारी नोकराचं नाव आणि पगार दरवर्षी छापला जातो. शहराच्या बस-सबवेचा प्रमुख अहवाल देतो, त्यात बस, ट्राम, लिफ्ट, सरकते जिने, प्रत्येकाचं ठरलेलं किती आणि झालं किती हे शेजारी शेजारी असतं. संचालक मंडळाची बैठक खुली असते. कोणीही नागरिक नाव नोंदवून पाच मिनिटं बोलू शकतो, आणि प्रमुख समोर बसलेला असतो.

आकडे मात्र नीट वाचावे लागतात. इथे बस 'वेळेवर' होती हे ठरतं ती पहिल्या थांब्यावरून कधी सुटली यावर: एक मिनिट आधीपासून पाच मिनिटं उशिरापर्यंत चालतं. पुढे वाटेत तीन बस एकामागोमाग आल्या आणि मग वीस मिनिटं एकही नाही, तरी अहवालात सगळं हिरवं. हे लोकांनीच, थांब्यावर थांबणाऱ्यांनीच, उघड केलं. पट्टी समोर होती म्हणून तिच्यातली खोट सापडली.

आपल्याकडे अधिकाऱ्याच्या कामाचा वार्षिक अहवाल वरिष्ठ लिहितो आणि तो लोकांसमोर येत नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कर्मचाऱ्याची कामगिरी ही त्याची वैयक्तिक माहिती धरली. व्यापक जनहित असेल तरच ती मिळते. 2025 मध्ये राज्याने शंभर दिवसांचा कार्यक्रम राबवून कार्यालयांना गुण दिले आणि ते जाहीर केले, ठाणे जिल्हा परिषद पहिली आली, हे मला खरोखर आवडलं. पण त्यात वेबसाइट, स्वच्छता, तक्रार निवारण असं बरंच होतं. सिडकोसारख्या जमिनीवर उभ्या असलेल्या संस्थेला एवढी पट्टी पुरत नाही.

माझ्या पट्टीवर पहिली ओळ साडेबारा टक्क्यांची असेल. 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटील लढले, तेव्हा कुठे ज्यांच्या जमिनीवर आपलं शहर उभं आहे त्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचा हा निर्णय झाला. त्यातले किती दावे अजून पडून आहेत, या तिमाहीत किती निकाली निघाले, वारसांच्या वादात किती अडकले, हे एमडींच्या नावानिशी जाहीर व्हायला हवं. दुसरी ओळ सोडतीत घर लागलेल्यांना ताब्यासाठी किती महिने थांबावं लागलं याची. विमानतळ तिसरा.

ग्रुपवरच्या एका काकांनी विचारलं, हे देणार कोण? अधिकाऱ्याचा अहवाल मिळत नाही, पण संस्थेचे हे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. मी आता कॅनडाची नागरिक आहे, त्यामुळे अर्ज मला करता येत नाही. प्रश्न लिहून तयार ठेवलेत. नेरूळ-वाशीतल्या कोणीतरी सही करून बेलापूरला सिडको भवनात अर्ज द्यावा.