छातीतला ब्लॉक कळतो, पोटरीतला का नाही?

हृदयाच्या नळ्यांबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीवरही तज्ज्ञ भेटतात. किती ब्लॉक, किती टक्के, स्टेंट कुठला, सगळं तोंडपाठ. पण चालताना पोटरी भरून यायला लागली की तीच मंडळी म्हणतात, "वात असेल", "वय झालं आता". मग तेल, शेक, मालिश. मला याचा खरंच राग येतो.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. खिशात कायम विडीचं बंडल, त्यात पुढे शुगर. निवृत्तीनंतर देवळात जाताना वाटेत थांबायला लागले. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा, थोडं उभं राहिलं की बरं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा गोळा. मामी म्हणायची, "यांना गप्पा मारायला निमित्तच हवं!" खरं तर एवढं ऐकलं तरी संशय यायला हवा. मणक्यामुळे पाय दुखत असले तर बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पोचत असेल तर नुसतं उभं राहिलं तरी भागतं. मामांच्या कमरेचा एमआरआय झाला, पट्टा आला. पायाची नाडी कुणी बघितलीच नाही. करंगळी काळी पडली तेव्हा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठला. करंगळी गेली, अँजिओप्लास्टीने पाऊल वाचलं.

तपासणी म्हणाल तर किती साधी! घोट्याचं आणि दंडाचं वरचं ब्लडप्रेशर मोजायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा असण्याची दाट शक्यता. मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवा, उगाच चांगला येतो. मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघतात.

गंमत बघा, जगातली पहिली अँजिओप्लास्टी हृदयाची नव्हतीच. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ती ८२ वर्षांच्या एका बाईच्या पायावर केली. पाय कापायला ती तयार नव्हती. हृदयाची पाळी आली १९७७ मध्ये, झुरिकला.

आणि दर वेळी स्टेंटच लागतो असंही नाही. विडी-तंबाखू पूर्ण बंद (मशेरीलाही सूट नाही), स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी, शुगर ताब्यात. शिवाय जखम नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पुष्कळांचं अंतर काही महिन्यांत वाढतं.

आमच्या घरातला आणखी एक घोळ. मावशी शाळेत शिक्षिका, उभं राहून राहून व्हेरिकोज व्हेन्स झालेल्या. तिचे घट्ट मोजे मामांना घालायचं जवळजवळ ठरलंच होतं! तिच्या शिरांमधल्या झडपा सैल झाल्यात, रक्त खाली साचतं, म्हणून तिला दाब हवा. मामांच्या पायात रक्त मुळात पोचतच नव्हतं. तिथे तोच दाब घातक. मेडिकलमधून परस्पर मोजे आणणाऱ्यांनी आधी नाड्या तपासून घ्याव्यात.

एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, विशेषतः ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तो चोळू नका. आत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पाय एकदम गार, पांढरा पडून असह्य दुखायला लागला तर रात्र असली तरी निघा. तिथे काही तासांतच पाय हातचा जातो.