बॅटरी निघते म्हणजे पाण्यात मेला? पावसाआधी फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"मोबाईल घेताय? थांबा! बॅटरी निघणारा फोन आणि वॉटरप्रूफ फोन, दोन्ही एकत्र मिळूच शकत नाही, हे विज्ञान आहे." असा सुरू होणारा आणि "आपल्या माणसांना जरूर पाठवा" असा संपणारा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडे फिरतोय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला, बिल्डिंगच्या ग्रुपवर आला तेव्हाही. पण परवा मामीने माशेलहून फोन करून विचारलं, "अरे, माझ्या फोनची बॅटरी अर्धा दिवसपण टिकत नाही रे, पण ह्यात लिहिलंय एकदा मागचं उघडलं की फोन संपला, मग नवीनच घेऊ काय?" आणि तिचे चिरंजीव हाच मेसेज वाचून नवा फोन घेऊन कळंगुटला कंबरभर पाण्यात व्हिडिओ काढतायत. आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. एक, बॅटरी निघते तो फोन वॉटरप्रूफ होऊच शकत नाही. दोन, ज्याचं मागचं झाकण उघडत नाही तो प्रत्येक फोन वॉटरप्रूफ. तीन, आयपी ६८ लिहिलेला फोन समुद्रात बिनधास्त न्या, पाणी गेलंच तर वॉरंटी आहे. चार, निघणाऱ्या बॅटऱ्या फुटतात, सीलबंद फुटत नाहीत. पाच, सीलबंद बॅटरी फोनच्या आयुष्यभर पुरते आणि फोन उघडला की तो निकामी. सहा, बॅटरी निघणारा फोन भिजलाच तर तांदळात ठेवा, नशीब असेल तर वाचेल.

मी तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण गोव्यात बसून हा मुद्दा पुढे ढकलणाऱ्याला खरं म्हणजे समुद्रावरच नेऊन उभा करायला पाहिजे.

आयपी म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती अडवतो त्याचं रेटिंग. आयपी ६८ मधला ६ हा धुळीचा आकडा आणि ८ हा पाण्याचा. आकडे येतात आयईसी ६०५२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकातून. पाण्याचा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः ठरवायचं आणि सांगायचं, म्हणून एखादी कंपनी दीड मीटर म्हणते, दुसरी सहा मीटर म्हणते आणि दोघांच्याही खोक्यावर आयपी ६८च असतं. आता ही परीक्षा कुठे होते? प्रयोगशाळेत, गोड्या, स्थिर पाण्यात आणि कोऱ्या फोनवर. तिथं लाट नसते, रेती नसते, मीठ नसतं, आणि वर्षभर खिशातून पडून पडून कोपरे ठेचलेला फोनही नसतो. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा तर वेगळीच आहे, तिचे पाण्याचे आकडे ५ आणि ६, आणि ८ मिळालेला फोन त्या परीक्षेत आपोआप पास होतो असं काही नाही.

मिठाचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी जास्त वाहून नेतं. चार्जिंगच्या भोकात थोडं राहिलं आणि तुम्ही घरी येऊन चार्जर लावलात की तिथल्या पिना गंजायला लागतात. पाणी सुकलं तरी मीठ तिथंच बसून राहतं. गंमत बघा, फोनच्या आत थेंबही गेलेला नसतो, आतली रबरं आपलं काम चोख करत असतात, मरतो तो बाहेरचा पोर्ट. मग दुकानात जाऊन "वॉटरप्रूफ म्हणून घेतला हो" म्हणून भांडा.

मी हे मनाचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात नेमकी हीच केस झालीय. सॅमसंगने २०१६ ते २०१८ मध्ये तिथं जाहिराती केल्या, लोक गॅलॅक्सी फोन घेऊन समुद्रात आणि स्विमिंग पूलमध्ये मजा करतायत अशा. तिथल्या ग्राहक आयोगाने, त्याला एसीसीसी म्हणतात, २०१९ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. एस७, एस८, नोट ८ असे सात मॉडेल त्यात होते. शेवटी कंपनीने मान्य केलं की समुद्राच्या किंवा पूलच्या पाण्यात बुडवलेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला तर पोर्ट खराब होऊ शकतो आणि जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या, आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोकला. हे सगळे फोन आयपी ६८ होते बरं का, आणि सगळे सीलबंद. ज्या कंपनीने बनवला तीच कोर्टात कबूल करते आणि आपला मेसेजवाला म्हणतो बिनधास्त न्या!

वॉरंटीचं तर बोलूच नका. ॲपल स्वतःच्या वेबसाईटवर सरळ लिहितं की पाण्यापासूनचं संरक्षण कायमचं नसतं, वापराने कमी होत जातं, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. इटलीत २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने ह्याच गोष्टीवरून ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला, म्हणजे जाहिरातीत पाणी मोठ्या अक्षरात आणि वॉरंटी नाही हे बारीक अक्षरात, असा प्रकार. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आत कुठेतरी एक छोटा पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला पहिला तोच बघतो.

एवढं मान्य करतो की फोनवर समुद्राचं पाणी उडालंच तर गोड्या पाण्याने हलकेच धुवून, पुसून, पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावायचा, हा सल्ला कंपन्याही देतात. पण तो अपघात झाल्यावरचा उपाय आहे, त्याला समुद्रात न्यायचं आमंत्रण समजू नका.

आता पहिला आणि दुसरा मुद्दा, हे दोन्ही इतिहासच न बघता लिहिलेत. मोटोरोला डिफाय, २०१० चा फोन, आयपी ६७, बॅटरी निघणारी. सॅमसंग गॅलॅक्सी एस५, २०१४, आयपी ६७, मागचं झाकण नखाने उघडायचं, आत २८०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी, हाताने काढायची. झाकणाच्या आतून रबराचं कडं होतं, चार्जिंगच्या भोकाला बूच होतं, आणि झाकण नीट बसलंय का बघ अशी आठवणही फोनच करून द्यायचा. घरातल्या कुकरचं झाकण रोज उघडतं, म्हणून वाफ सुटते काय? रबर चांगलं असलं आणि झाकण नीट दाबून बसलं की झालं.

आणि पुढच्या वर्षी काय झालं ते तर मेसेजवाल्याने फ्रेम करून भिंतीवर लावावं. २०१५ चा गॅलॅक्सी एस६ सीलबंद आला. बॅटरी निघत नाही, मागे काच. वॉटरप्रूफ? नाही! साध्या एस६ ला आयपी रेटिंगच नव्हतं. बॅटरीसुद्धा कमी, २५५० एमएएच. मिळालं काय, तर ८.१ मिलिमीटर जाडीचा फोन ६.८ चा झाला आणि दिसायला देखणा झाला. पाण्याचं रेटिंग परत आलं २०१६ च्या एस७ ला. आयफोनचंही तेच, पहिला आला २००७ मध्ये, बॅटरी तेव्हापासूनच बंद, आणि आयपी ६७ मिळालं २०१६ च्या आयफोन ७ ला. मधली नऊ वर्षं बॅटरी सीलबंद होती ती कुठल्या पाण्यासाठी? आजही बाजारात कितीतरी स्वस्त फोन आहेत ज्यांचं मागचं उघडत नाही आणि ज्यांना फार तर शिंतोड्यांपुरतं रेटिंग असतं. बेतीच्या फेरीबोटीवर आडव्या पावसात उभं राहून रील काढायच्या आधी खोक्यावरचा आकडा वाचा.

अर्ध सत्य त्यात आहे, ते नाही म्हणत नाही. बॅटरी हाताने काढायची म्हणजे तिला कडक कवच लागतं, फोनला वेगळं झाकण लागतं, रबराचं कडं लागतं, त्यात जागा जाते आणि जाडी वाढते. चिकटवून टाकली की मऊ पाऊचवाली बॅटरी चालते, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो, आणि कोपऱ्याकोपऱ्यात डिंक भरला की पाणी अडवणं सोपं जातं. रबराच्या कड्यात एक केस किंवा रेतीचा कण अडकला तरी पाणी आत, हेही खरं. म्हणजे पातळ, देखणा, मोठ्या बॅटरीचा, पाण्यात टिकणारा आणि वर बॅटरी निघणारा, असं सगळं मागितलं तर जड जातं. पण जड जाणं आणि होऊच न शकणं ह्यात फरक आहे की नाही? सॅमसंगचाच एक्सकव्हर ७ बघा, २०२४ मध्ये आपल्याकडेही आला, आयपी ६८ आणि ४०५० एमएएचची हाताने निघणारी बॅटरी. जाडा आहे, दिसायला ओबडधोबड आहे, कंपन्यांच्या कामगारांसाठी काढलेला आहे, पण आहे. डच कंपनीचा फेअरफोन ५ घेतला तर त्याचीही बॅटरी हाताने निघते, पण त्याला आयपी ५५, म्हणजे पाऊस चालेल, बुडवणं नाही.

मेसेजच्या शेवटी एक ओळ घुसडलीय, "युरोपने बॅटरी काढायची सक्ती केली, आता वॉटरप्रूफ फोन बंद". नाही होणार बंद. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता आली पाहिजे असा नियम आहे खरा, पण फोनसाठी जून २०२५ पासून लागू झालेल्या दुसऱ्या नियमात पळवाटही आहे. फोन एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा आणि धूळबंद असेल, आणि बॅटरी ५०० वेळा चार्ज झाल्यावर ८३ टक्के व १००० वेळा झाल्यावर ८० टक्के क्षमता राखत असेल, तर ती दुरुस्तीवाल्याने बदलली तरी चालते. पाणी आणि बॅटरी ह्यांची सांगड कायदेवाल्यांनीही घातलीय, पण बदल्यात बॅटरी टिकवून दाखवा अशी अट टाकून. आपला मेसेज ही अट खाऊन बसलाय.

पाचवा मुद्दा मामीचा आहे म्हणून नीट लिहितो. लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते, नाही वापरली तरी होते, आणि उकाड्यात लवकर होते. आपल्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेला फोन काय सोसतो ते वेगळं सांगायला नको. दोन-तीन वर्षांत दम जातो, हे सगळ्या कंपन्यांना ठाऊक आहे. त्यात सीलबंद फोनची बॅटरी म्हातारपणी फुगली तर ती मागचं झाकण किंवा स्क्रीन आतून ढकलते, चिकटवलेली कड सुटते, आणि ज्या सीलसाठी एवढं पुराण सांगितलं ते सील तिथंच गेलं. न उघडता गेलं!

तर मामी, फोन चांगला चालत असेल तर फक्त बॅटरी बदल. दुकानदार मागचं पॅनेल गरम करून सोडवेल, बॅटरी काढेल, नवी बसवेल. त्याला दोन गोष्टी सांग, बॅटरी लोकल नको आणि पॅनेल बसवताना नवीन चिकटपट्टी लाव, जुन्याच डिंकावर दाबून देऊ नको. एवढं केलं तरी कंपनीतून निघाला तेव्हासारखा पाणीबंद होईलच असं नाही, म्हणून त्यानंतर तो फोन साधा समजून वापर, पावसात प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेव. आणि चिखलकाल्याला, म्हणजे माशेलच्या त्या चिखलातल्या खेळाला, देवकीकृष्णाच्या मैदानात नेऊ नको, तसा तो आधीही न्यायचा नव्हताच. नव्या फोनपेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं.

चौथा मुद्दा, फुटण्याचा. २०१६ चा गॅलॅक्सी नोट ७ आठवतोय? विमानात न्यायला बंदी आलेला? सीलबंद, आयपी ६८. दोष बॅटरीच्या सेलमध्ये होता, आणि बॅटरी निघत नाही म्हणून अख्खे फोन परत घ्यावे लागले, ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद केलं. उलट २००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या तापतात म्हणून ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल कंपनीने इशारा दिला, तेव्हा आपण काय केलं? झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर बघितला, यादीत असेल तर तेवढी बॅटरी बदलून मिळाली. फुटण्याचा आणि निघण्याचा संबंध नाही, पण निस्तरण्याचा आहे.

राहिला तांदूळ. ॲपलने २०२४ मध्ये लिहूनच टाकलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघडेल. उकड्या तांदळाची पेज करा. फोन भिजला तर बंद करा, पोर्ट खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा, जूनच्या दमट हवेत सुकायला वेळ लागतो म्हणून चार्जर दुसऱ्या दिवसापर्यंत लांबच ठेवा. आणि बॅटरी निघणारा फोन सांजांवच्या सणाला खिशातच विसरून विहिरीत उडी मारलीत तर बाहेर आल्या आल्या झाकण उघडून बॅटरी काढा, वीज तिथल्या तिथं तुटते. सीलबंद फोन भिजून अडकला, बटणाला दाद देईना, तर तो सोयीचा रस्ता नसतो, ओल्या सर्किटमधून वीज चालूच राहते. दोघांपैकी काय घ्यायचं हे ठरवताना हाही हिशेब धरायचा असतो, तो ह्या मेसेजमध्ये कुठेच नाही.