सही बाईची, कारभार नवऱ्याचा. मग जाब बाईलाच का?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर 'पन्नास टक्के आरक्षणानं गावं बुडवली' असा महिला आरक्षणाविरुद्ध एक मेसेज फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत: सरपंचबाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा, बायकांना कारभार कळत नाही, राजकारण हे आपल्याकडच्या बायकांचं काम कधीच नव्हतं, आणि आरक्षण उठलं की त्या परत घरी बसतात. तासगाव तालुक्यातल्या माझ्या वहिनी यंदा वॉर्डातून फॉर्म भरणार होत्या. मेसेज वाचून म्हणाल्या, "नको भाऊजी, लोकं नावं ठेवत्यात." म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. सरपंचबाईंच्या खुर्चीत बसलेला नवरा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. बैठक रात्री देवळात, पुरुषांचीच. दुसऱ्या दिवशी शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी येतो, बाई पिठाचा हात पुसून दाखवलेल्या जागी सही करते, वरचा मजकूर मागाहून भरला जातो. हल्ली वित्त आयोगाच्या पैशाला सरपंचाची डिजिटल सही लागते, तर त्या सहीची किल्ली, म्हणजे डीएससी, नवऱ्याच्या खिशात. पण यात गुन्हा कुणाचा? खुर्ची बळकावणाऱ्याचा, त्याला 'सरपंच' म्हणून हाक मारणाऱ्या गावाचा, वही घरी धाडणाऱ्याचा. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून आपण आपला सातबारा फाडून टाकतो का? आणि पॅनेलप्रमुख सांगेल तिथं सही करणारे पुरुष सरपंच आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत कमी आहेत का? त्यांच्याकडं बघून कुणी म्हणत नाही की पुरुषांना उभंच राहू देऊ नका.

'कारभार कळत नाही' हे तर निव्वळ खोटं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या 265 पंचायती तपासल्या. अभ्यास 2004 साली छापून आला. डुफ्लोंना पुढं 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कुठलं पद महिलेसाठी राखीव हे तिथं जणू चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं होतं, म्हणून तुलना खरी होती. जिथं प्रमुख महिला, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण गावातल्या बायकांची मागणीच ती होती. जत, आटपाडी, माणमध्ये टँकरच्या रांगेत घागर घेऊन कोण उभं असतं? तिला पाण्याचा हिशेब कळत नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं प्रतिसरकार याच मातीतलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई प्रतिसरकारच्या लढाऊ दलाबरोबर, तुफान सेनेबरोबर होत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्याच लढ्यातल्या, आणि पुढं परित्यक्ता बायकांसाठीही त्या लढल्या.

चौथा. आरक्षण सोडतीनं फिरतं. पाच वर्षं काम शिकलेल्या बाईची जागा खुली झाली की पॅनेल तिला उमेदवारीच देत नाही, आणि वर म्हणायचं ती घरी बसली! पश्चिम बंगालमध्येच 2009 च्या अभ्यासात दिसलं की सलग दोनदा आरक्षण पडलेल्या गावांत पुढं खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या. महाराष्ट्रात 1993 नंतर एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा आहेत. एका टर्मवर निकाल लावणारे तुम्ही कोण?

मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी एक करावं. आपल्याकडच्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा सांगितली आहे. आपल्या गावात ती शेवटची कधी झाली, नोटीस लागली होती का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश महिला लागतात, नाहीतर गणपूर्तीच होत नाही. आदिवासी पाड्यांवर जे चालतं ते आपल्याला का जड जावं?

वहिनींनी फॉर्म भरावा. शौचालयाचा दाखला, घरपट्टीची पावती, जात पडताळणी, जे लागेल ते काढायला मी बरोबर येतो. आणि निवडून आल्या तर डीएससी दादाच्या खिशात जाणार नाही, हे मी त्याच ग्रुपवर लिहिलंय.