दोन अर्ज, एकच ड्रॉवर

परवा आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला, घोळ बाहेर काढणाऱ्या आमच्या शाखाधिकाऱ्यांवरच गुन्हे दाखल झाले तो, परत दोन पार्ट्या पडल्या आणि परत एकानं मला विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?" तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय, म्हणून इथं सविस्तर लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नऊ वर्षं सांगलीत पिग्मी गोळा केली. मार्केट यार्डातले हमाल, गणपती पेठेतले दुकानदार, भाजीवाल्या मावश्या, ही माणसं रोजचे पन्नास-शंभर रुपये माझ्या तोंडाकडं बघून माझ्या हातात ठेवायची. त्या पतसंस्थेचं नाव लिहीत नाही, मॅटर कोर्टात आहे. तिथं एक शाखाधिकारी होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. कडक माणूस, संध्याकाळी दहा रुपयांची तफावत आली तरी कॅशियरला घरी सोडायचे नाहीत.

अण्णांना सोनेतारणात घोळ सापडला. कर्जं थकली म्हणून लिलावासाठी पाकिटं काढली, तर सराफाचा दाखला बरोबर, वजन बरोबर, सह्या बरोबर, आणि आत बेन्टेक्स, म्हणजे नकली दागिने! अशी सात पाकिटं निघाली. कर्जदार बघितले तर निम्मे लोक शाखेची पायरी कधी चढलेच नव्हते. पाकिटं फोडताना साक्षीला म्हणून मला बोलावलेलं, त्या कागदावर माझी सही आहे. अण्णांनी आधी वरती सांगितलं, वरचे म्हणाले बघू, मग महिना गेला तसा त्यांनी बाहेर लेखी अर्ज केला की चौकशी लावा, आणि खाली लिहिलं की माझं नाव गुप्त ठेवावं. पंधरा दिवसांत त्या अर्जाची झेरॉक्स संस्थेच्या टेबलावर होती. कुणी दिली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

महिन्याभरात अण्णांवर दोन गुन्हे. एक अपहाराचा, म्हणजे जी पाकिटं त्यांनी शोधून काढली ती त्यांनीच ठेवली असा. आणि दुसरा विनयभंगाचा, आमच्याच शाखेतल्या एका क्लार्क मुलीनं दिलेला.

मग काय, ग्रुप पेटला. निम्मे म्हणाले अण्णा देवमाणूस, पोरीला पैसे देऊन पुढं केलंय, तिच्याबद्दल नाही नाही ते लिहिलं. निम्मे म्हणाले बघा, मोठा प्रामाणिकपणाचा आव आणत होता. आणि त्या दिवशी मी लिहिलं होतं, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही." त्याला एकवीस जणांनी अंगठे दिले. अण्णांची मुलगी त्या ग्रुपवर होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. ते वाक्य मी नंतर डिलीट केलं, पण ती ग्रुप सोडून गेली होती.

पुढं सात-आठ महिन्यांनी आईला घेऊन मिरजेला दवाखान्यात गेले होते तेव्हा ती क्लार्क मुलगी भेटली. मला बघून आधी तोंड फिरवलं, मग स्वतःच शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, माझा अर्ज आत्ताचा नाहीच ओ, मी दोन वर्षांपूर्वी दिलेला. तेव्हा मला वरचे म्हणाले, लग्न व्हायचंय तुझं, कशाला अब्रू घालवतीस. आणि आता मलाच घरी गाडी पाठवली, चल पोलिसात, आम्ही आहोत म्हणून." आणि पर्समधनं घडी घातलेला कागद काढून दाखवला. अर्जाची पोच. शिक्का, तारीख, सही. दोन वर्षांपूर्वीची.

मी तिथंच गार पडले. म्हणजे ही मुलगी कुणी उभी केलेली नव्हती. तिची तक्रार खरी की खोटी हे कोर्ट ठरवेल, पण ती दाबून ठेवलेली होती हे त्या कागदावर दिसत होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. आमच्याकडं समितीचा बोर्ड सुद्धा नव्हता. तिचा अर्ज दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडला, आणि अण्णांच्या अर्जाची झेरॉक्स आली तेव्हा त्याच ड्रॉवरमधनं तो बाहेर निघाला. अण्णा गप्प बसले असते तर तो आजही तिथंच असता! ज्या लोकांनी तिला तेव्हा परत पाठवलं त्यांना आता तिची काळजी वाटत होती असं मला कुणी सांगू नका.

2024 च्या जूनमध्ये विकिलीक्सवाला ज्युलियन असांज सुटला तेव्हाही याच ग्रुपवर भांडणं झालेली. एक म्हणे हिरो, दुसरा म्हणे बलात्काराचा आरोपी, कसला हिरो. मिरजेहून आल्यावर मी त्या प्रकरणाच्या तारखा काढून वाचल्या. 2010 मध्ये त्यानं अमेरिकी सैन्याची इराक-अफगाणिस्तानची गुप्त कागदपत्रं बाहेर काढली, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वीडनमध्ये दोन बायका पोलिसात गेल्या. तो म्हणाला मला स्वीडनला नेऊन तिथनं अमेरिकेच्या ताब्यात देतील, आणि जून 2012 मध्ये लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत शिरला तो जवळपास सात वर्षं तिथंच. बलात्काराच्या आरोपावर त्याचा जबाब घेतला गेला तो नोव्हेंबर 2016 मध्ये, त्याच वकिलातीत. सहा वर्षांनी! तोवर बाकीच्या आरोपांची मुदत संपून गेलेली. शेवटी नोव्हेंबर 2019 मध्ये तपास बंद केला, कारण काय तर इतका काळ गेल्यानं पुरावा कमजोर झाला. म्हणजे त्या बायकांनाही निकाल मिळाला नाही आणि त्यालाही नाही. अमेरिकेचा खटला हा वेगळाच विषय, त्यात 18 आरोप लावलेले, सगळे धरले तर 175 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, आणि पाच वर्षं ब्रिटनच्या तुरुंगात काढून शेवटी एका आरोपाची कबुली देऊन तो सुटला. पण लोकांनी दोन्ही प्रकरणं एकाच पातेल्यात कालवली. ज्यांना कागदपत्रं आवडली त्यांनी बायकांना खोटं ठरवलं, ज्यांना आवडली नाहीत त्यांना बायकांचा अचानक कळवळा आला. आमच्या शाखेत झालं त्याच्यात आणि ह्याच्यात मला काही फरक दिसत नाही.

नाव फुटण्याचं तर आपल्याकडं फार जुनं दुखणं आहे. सत्येंद्र दुबे, हायवेच्या कामावरचा इंजिनीअर, त्यानं थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलेलं आणि नाव गुप्त ठेवा म्हणालेला, पण पत्र नावासकट या टेबलावरनं त्या टेबलावर फिरलं आणि 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याला गोळी घातली. सीबीआयनं ती लुटीतली हत्या धरली, तसं असेलही, पण म्हणून नाव कुणी फोडलं हा प्रश्न काय संपत नाही. आपल्या तळेगावचे सतीश शेट्टी, माहिती अधिकारातनं जमिनीची प्रकरणं काढणारे, 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेलेले असताना मारले. यानंतर असे घोळ उघड करणाऱ्या तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा झाला, 2014 च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. त्यात तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. दोन्हीकडचा विचार केलेला कायदा. आणि तो अजून लागूच केलेला नाही. इतकी वर्षं झाली, नुसता कागदावर.

ग्रुपवर एकजण म्हणाला, गुन्हा दाखल झाला म्हणजे काहीतरी असेलच की. अहो, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर पोलिसांनी एफआयआर घेतलाच पाहिजे. घेतलाच पाहिजे म्हणजे तिथं खरं-खोटं अजून ठरलेलं नसतं, तपास सुरू झाला एवढाच त्याचा अर्थ. आणि 2014 मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्या, अटक का पाहिजे ते लिहून ठेवा. देशातल्या तुरुंगात चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, ज्यांचा निकालच लागलेला नाही. आणि आपण सांगलीकरांनी तरी हे विसरू नये. 2017 च्या नोव्हेंबरात इथं लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पोलीस कोठडीत मेला, त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं आणि आधी सांगितलं की तो पळून गेला. तेव्हा आपणच रस्त्यावर उतरलो होतो ना? त्याच्यावरचा आरोप खरा की खोटा हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

माहिती अधिकारवाले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. अर्ज टाकायचा आणि मागं घ्यायला पैसे मागायचे असला धंदा करणारे आपल्या जिल्ह्यात आहेत, दुकानदारांकडनं मी स्वतः ऐकलंय. त्यांच्यावर खंडणीचा गुन्हा जरूर घाला, सापळा लावून पकडा. पण त्यानं ज्या रस्त्याचं बिल मागितलं तो रस्ता झालाय का नाही ते पण जाऊन बघा की! मागणारा चोर निघाला म्हणून रस्त्यावरचं डांबर काय आपोआप जाड होत नाही.

साताऱ्याला माहुलीवरनं जाताना रामशास्त्र्यांची आठवण निघते आणि सगळे देहांत प्रायश्चित्तच सांगतात. शास्त्रीबुवांनी आधी चौकशी केली, पुरावा बघितला आणि मग तोंड उघडलं, समोर सत्तेवरचा माणूस असून. त्या चौकशीबद्दल कुणी बोलत नाही.

आता माझी बाजू. मला साक्षीचं समन्स आलंय, पाकिटांच्या केसमध्ये. मी जाणार, सात पाकिटांत काय निघालं ते सांगणार. आणि त्या मुलीच्या केसमध्ये बोलावलं तर तिथंही जाणार आणि पोच कुठल्या तारखेची बघितली ते सांगणार, अण्णांना ते आवडणार नाही तरीपण. हे मी अण्णांना सांगितलंय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बघितलंयस तेच सांग." ही पोस्ट दोघांना विचारून टाकतेय.

यार्डातले एक हमालमामा आहेत, त्यांचे एक लाख चाळीस हजार त्या संस्थेत अडकलेत, मुलीच्या लग्नाचे. परवा पण भेटले. सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी झाली, जबाबदारी कुणाची ते ठरवायची 88 ची अजून सुरूच आहे, हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे गं पोरी, सोनं कुठं गेलं ते कुणी विचारलं का?"