म्हशीला वाडं किती घालायचं? चिकोडीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

गळीत हंगामातल्या वैरणीवरच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडं तीन पिढ्या वाडं (उसाचे हिरवे शेंडे) घालतात, त्यानं कधी म्हैस दगावली नाही. कॅल्शियम कमी पडायची भीतीच असेल तर वाड्यावर चुन्याची निवळी (चुना खाली बसल्यावर वर राहतं ते स्वच्छ पाणी) शिंपडली की भागतं. खनिज मिश्रण हा कंपन्यांचा धंदा आहे. आणि वाडं नको असेल तर सरळ नेपिअर गवत लावा म्हणून सांगा.

आधी लेखातली चूक मान्य करतो. 'वाडं कमी करा' एवढंच लिहिलं, किती करायचं ते लिहिलं नाही. घरचा ऊस तुटत असताना फुकटातलं हिरवं कोण टाकून देईल? तसं सांगायचंही नव्हतं. म्हणून आता किलोंत बोलू.

५०० किलोची, दिवसाला ८ लिटर दूध देणारी म्हैस धरा. तिला ३० किलो वाडं घातलं तर पाणी वजा जाता ८-९ किलो सुका चारा पोटात जातो. वाड्यात प्रथिनं सुक्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम, आणि त्यातली पचतात ती जेमतेम निम्मी. आता ८ लिटर दुधातूनच तीनशे ग्रॅमच्या वर प्रथिनं बाहेर जातात. तिचं स्वतःचं अंग, पोटातलं रेडकू हे तर अजून मोजलंच नाही. पोट गच्च भरलेलं दिसतं, रवंथही चालू असतो, आणि म्हैस उपाशी असते. हे पहिल्यांदा डेअरीत कळतं. फॅट ७ लागते, पण एसएनएफ (दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरणारा भाग) ९ च्या खाली अडकतो आणि दर कापला जातो. धाटाच्या चाऱ्यानं फॅट टिकते. एसएनएफला मात्र दाण्यातली ताकद आणि पेंडीतली प्रथिनं लागतात.

तीन पिढ्यांचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण तेव्हाचं जनावर दोन-तीन लिटर दूध द्यायचं, दिवसभर माळावर-बांधावर चरायचं, आणि संध्याकाळी दावणीला जोंधळ्याचा कडबा, भुईमुगाचे वेल, हरभऱ्याचा भुसा असायचा. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, घटप्रभेच्या काठानं ऊस वाढला तसा जोंधळा मागं हटला. वाडं तेच राहिलं, त्याच्या जोडीचं निघून गेलं.

आता ऑक्झलेट. हे वाड्यातलं आम्ल पोटात कॅल्शियमला धरून बसतं, त्याचा न विरघळणारा क्षार होतो आणि तो शेणावाटे बाहेर पडतो. कोठीपोटातले (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू काही ऑक्झलेट फोडतात, म्हणून जनावर लगेच मरत नाही. पण त्या जंतूंची वाढ व्हायला वेळ लागतो. टोळी फडात आली आणि त्याच दिवशी कडबा बंद करून भारेच्या भारे टाकले, तर त्रास तिथंच सुरू होतो. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या. बेळगाव तालुका आणि खानापूरकडं तर वाड्याच्या जोडीला भाताचं पिंजर (पेंढा) असतं, आणि पिंजरातही ऑक्झलेट आहे. दोन्ही मिळून कॅल्शियमची दुहेरी ओढ लागते.

ही ओढ दावणीला दिसते. रात्री म्हैस दावं चघळत बसते, भिंत चाटते, माती खाते, चिंध्या गिळते. यात बरंचसं फॉस्फरस कमी पडल्याचं लक्षण असतं. विल्यावर वेळेवर माजावर येत नाही, किंवा येते आणि उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. तेव्हा आपण रेतनाला दोष देतो.

निवळी वाया जात नाही, पण तिचा हिशोब करा. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरमागं जेमतेम पावणेदोन ग्रॅम. त्यातलं कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. ५ लिटर निवळी शिंपडली तरी ५ ग्रॅमच्या आतच. ८ लिटर म्हशीच्या दुधातून १४-१५ ग्रॅम कॅल्शियम रोज जातं. मग निवळीऐवजी खालचा गाळच ढवळून घातला तर? तो तोंड आणि घसा पोळतो, आणि जनावर वाडं हुंगून बाजूला सारतं. शिवाय चुन्यात फॉस्फरस नाहीच.

म्हणून खनिज मिश्रण. कुठल्याही कंपनीचं घ्या, पण पुड्यावर कॅल्शियम २० टक्के आणि फॉस्फरस १२ टक्के लिहिलंय का ते बघा. दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरे. नुसत्या कॅल्शियमच्या बाटलीनं हे काम होत नाही.

त्या म्हशीची दिवसाची वैरण अशी धरा: कुट्टी केलेलं वाडं १५ किलो, जोंधळ्याचा कडबा ४ किलो, लसूणघास ७ किलो (नसेल तर भुईमुगाचे वेल दोन-अडीच किलो, माती झटकून), आणि आंबोण (भरडा-पेंडीचा खुराक) साडेपाच किलो, दोन्ही धारांना वाटून. आंबोणाचा हिशोब सोपा आहे: अंगासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधाला अर्धा किलो. घरी मिसळायचं तर १०० किलोला मक्याचा भरडा ३५, गव्हाचा भुसा (कोंडा) २६, सरकी पेंड २५, शेंगपेंड १२, खनिज मिश्रण १ आणि मीठ १. प्रथिनं १७-१८ टक्क्यांपर्यंत येतात. खनिज यातच आलं, वरून वेगळी मूठ नको. शेंगपेंड पावसाळ्यात साठवू नका. ओल धरली की बुरशी येते आणि तिचं विष दुधात उतरतं. वास आला किंवा ढेप आतून हिरवी-काळी दिसली तर ती फेकायचीच, उन्हात वाळवून विष जात नाही. लसूणघास कडब्यानंतर घाला. सकाळी रिकाम्या पोटी, दव असलेला घातला तर पोट फुगतं.

वाडं यंत्रावर इंचाएवढं कापा. अख्खं टाकलं की जनावर पाला ओढतं आणि बुडखा पायाखाली जातो. ढीग घालून दोन-तीन दिवस ठेवू नका, आतून तापतो आणि बुरशी धरतो. जास्त आलं तर त्याच दिवशी कुट्टी करून दाबून मुरघास करा; उसाच्या गोडीमुळं तो चांगला मुरतो.

नेपिअरचं तुमचं सुचवणं मी लेखात मुद्दामच घेतलं नव्हतं. त्यातही ऑक्झलेट आहे, आणि कोवळ्यात जास्त. लोक हिरवागार दिसतो म्हणून महिन्यातच कापतात. ५०-६० दिवसांनी कापला तर बरा, पण वाड्याच्या जागी नेपिअर आणला म्हणून खनिज मिश्रण सुटत नाही. लावायचंच असेल तर बांधावर शेवरी आणि पाच-सात गुंठ्यांत लसूणघास लावा, प्रथिनांची तूट तिथून भरते.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण तुम्ही गाभण म्हशीलाही कॅल्शियमची बाटली पाजत असाल अशी शंका येते. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जादा कॅल्शियम देऊ नका, लसूणघासही आवरता घ्या. तेव्हा रक्तात आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढायची शरीराची सवय मोडते. विल्यावर चिकासाठी एकदम मागणी वाढते आणि म्हैस बसते: कान गार, मान कुशीकडं वळलेली, उठता येत नाही. याला दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो. अशा वेळी तोंडानं काही ओतू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. डॉक्टरांना बोलवा, शिरेतून कॅल्शियम सावकाश द्यावं लागतं. बाटली आणि लसूणघास विल्यावर सुरू करा.

तुमच्याकडं वैरण भाऱ्यात मोजतात, आणि भारा आठ किलोचाही असतो, पंधराचाही. एक भारा काट्यावर ठेवून वजन कळवा. सोबत म्हशीचं वेत कितवं, दोन्ही वेळचं दूध आणि डेअरीच्या पावतीवरचा एसएनएफ लिहा. त्यावरून तुमच्या गोठ्याचा हिशोब इथंच खाली मांडून देतो.